मेंदूला किंवा मणक्याला मार लागल्यावर: खान्देशातल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत दिव्यांगांचे अर्ज भरून देताना जे प्रश्न सारखे कानावर येतात, त्यांची ही उत्तरं. काही उत्तरं लांब आहेत, कारण माणसं तिथेच अडकतात.

मदत नक्की कुणाकडे मागायची? जिल्हा परिषद तहसीलकडे पाठवते, तहसील सिव्हिलकडे.

सगळी मदत एका खिडकीत नाही, म्हणून ही पाठवापाठवी होते. उपचाराचा खर्च आरोग्य विभागाच्या योजनेतून होतो, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय देतं, महिन्याचं अनुदान तहसीलदाराकडून येतं, अपघाताची भरपाई न्यायाधिकरण ठरवतं. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला खरा, पण गावातल्या माणसाचा संबंध येतो तो ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाशी. जळगाव आणि धुळे शहरात राहत असाल तर महापालिका. नंदुरबार, शहादा, चाळीसगाव, अमळनेर अशा ठिकाणी नगरपरिषद.

यातला क्रम सांभाळला तर हेलपाटे निम्मे होतात. आधी दवाखान्याचे कागद, मग पोलिसांचे, मग प्रमाणपत्र आणि त्यानंतर बाकीचं सगळं. बहुतेक जण प्रमाणपत्र नसतानाच जिल्हा परिषदेत जातात आणि हात हलवत परत येतात.

अपघात झाला त्या जागी काय करायचं?

१०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून मोफत आहे. रस्त्यावरचा अपघात असेल तर ११२ वरही कळवा. पडलेल्या माणसाला बसवू नका, पाणी पाजू नका, मान हलवू नका. हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालू असेल तर तेही ओढून काढू नका.

आपल्याकडे मणक्याला मार फक्त सुरत–नागपूर किंवा मुंबई–आग्रा महामार्गावर लागत नाही. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपलेला माणूस रात्री खाली पडतो, विहिरीचं काम करताना दोर सुटतो, महूच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पोरगा घसरतो, केळीच्या गाडीवरून हमाल पडतो. अशा वेळी चार जण हातापायाला धरून उचलतात, आणि शाबूत राहिलेला मज्जारज्जू त्या उचलण्यात दुखावण्याची भीती असते. घराचं दार काढा किंवा रुंद फळी घ्या. एकाने फक्त डोकं आणि मान दोन्ही हातांत सरळ धरायची, बाकीच्यांनी त्याच्या इशाऱ्यावर अख्खं अंग एकाच वेळी कुशीवर वळवून खाली फळी सरकवायची. सुंभाची बाज वापरू नका, ती मधे खोल जाते. झोळी तर त्याहून वाईट. दुसरं काहीच मिळत नसेल तर बाजेवर आधी फळ्या टाका.

पाठ चोळून घ्यायला हाडवैद्याकडे नेऊ नका. पाय हलत नसतील, कमरेखाली बधिर वाटत असेल किंवा लघवी कळत नसेल, तर हे काम शस्त्रक्रिया होऊ शकते अशा दवाखान्याचं आहे.

आणि मदत करणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

दवाखान्याचं बिल कसं भागवायचं? शेत गहाण टाकायची वेळ आलीये.

शेताला हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघा.

रस्त्यावरच्या मोटार अपघाताला केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. मे २०२५ मध्ये ती अधिसूचित झाली. नियुक्त रुग्णालयात अपघातापासून पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तिच्यातून होतो. इथे रेशनकार्डाचा रंग कुणी बघत नाही.

दुसरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आता आयुष्मान भारतला जोडलेली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पूर्वीसारखी फक्त पिवळ्या-केशरी कार्डाची अट राहिलेली नाही. डोक्याची आणि मणक्याची शस्त्रक्रिया, अनेक ठिकाणच्या दुखापतींचा उपचार तिच्यात येतो. रुग्णालय मात्र योजनेत अंगीकृत, म्हणजे तिच्या यादीतलं हवं. योजनेचं काम बघायला रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. दाखल करतानाच विचारा, ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ रोखीने पैसे भरल्यावर आठव्या दिवशी विचारलं तर ते पैसे परत मिळवणं फार जड जातं. हेल्पलाइन १५५३८८.

तिसरी गोष्ट सरकारी रुग्णालयांची. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याला चक्करबर्डीतलं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नंदुरबारलाही २०२० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून पुढे पाठवलं तर रेफरची चिठ्ठी घ्या, तोंडी सांगण्यावर निघू नका.

या योजना दवाखान्यातल्या उपचारापुरत्या आहेत. घरी आल्यावर लागणारं कॅथेटर (लघवीची नळी), डायपर, रोजची फिजिओथेरपी त्यांच्यात येत नाही. खरा खर्च तिथूनच सुरू होतो, आणि सरकारी व्यवस्थेचा सगळ्यात कच्चा भाग माझ्या मते हाच आहे.

पोलिसांचं लफडं नको म्हणून दवाखान्यात ‘घरी पाय घसरला’ असं सांगितलं. आता काय?

खान्देशात हे फार चालतं. गाडी ओळखीच्याची असते, नाहीतर चालवणाऱ्याकडे लायसन नसतं, मग गावातलेच चार जण मिटवून टाकतात. तीन महिन्यांनी पाय परत येणार नाहीत हे कळतं, आणि तोवर मिटवणारे फोन उचलेनासे झालेले असतात.

रस्ता अपघात असेल तर दवाखान्यातली एमएलसी नोंद (पोलीस प्रकरण म्हणून केलेली), पोलिसांचा एफआयआर आणि पंचनामा हवाच. या तीन कागदांवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातली भरपाई उभी राहते. दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती अपघाताच्या तारखेपासून मोजतात. म्हणून ‘आधी बरा होऊ दे, मग बघू’ असं करू नका. चुकीची नोंद झाली असेल तर लवकरात लवकर पोलीस ठाण्यात खरा जबाब द्या आणि वकिलाला ते स्पष्ट सांगा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. ‘शेकडा वीस द्या, केस लढवतो’ म्हणत दवाखान्याच्या दारात उभे राहणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

गाडी धडक देऊन पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कधी आणि कुठे काढायचं?

केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. त्यातूनच युडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्र निघतं. आधार, फोटो आणि दवाखान्याचे कागद घेऊन सीएससी केंद्रावर, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर गेलात तर तिथला पोरगा भरून देतो. मग तपासणी आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे, म्हणजे बोर्डाचे, वार ठरलेले असतात, आधी फोन करून विचारा. धडगावहून गाडी करून आलेल्या माणसाला ‘आज बोर्ड नाही’ हे ऐकवलं जाणं नवीन नाही.

मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल तर डॉक्टर लवकर निर्णय देतात. मेंदूच्या दुखापतीत सुधारणा पुढे बरेच महिने होत राहते, म्हणून बहुतेकदा सहाएक महिने थांबायला सांगतात. प्रकृती बदलण्याची शक्यता असेल तर मुदतीचं प्रमाणपत्र देता येतं. ते मागून घ्या आणि मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासणी करा.

चाळीस टक्क्यांखाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आतलं पिवळं आणि ऐंशी किंवा अधिक असेल तर निळं कार्ड. बहुतेक योजना चाळीसला सुरू होतात.

हातपाय चालतात, पण डोक्याला मार लागल्यापासून माणूस पहिल्यासारखा नाही. त्याला दिव्यांग धरतील का?

धरू शकतात, पण आपोआप धरत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि ‘मेंदूची दुखापत’ असा वेगळा प्रकार त्यात नाही. मणक्याचा रुग्ण चलनविषयक दिव्यांगत्वात सरळ बसतो. मेंदूच्या रुग्णाचं नुकसान मात्र अनेक खणांत विखुरलेलं असतं: एका बाजूचा हात कमजोर, बोलताना शब्द सापडत नाहीत, दिसतं पण अर्धंच, कालचं आठवत नाही, अंगावर धावून जातो. प्रत्येकाची तपासणी वेगळ्या डॉक्टरकडे होते.

बोर्डासमोर हा माणूस चालत जातो, नाव विचारलं तर सांगतो, ‘काही त्रास नाही’ म्हणतो. बायको दाराबाहेर उभी असते. टक्के अस्थिरोग तज्ज्ञाच्या टेबलावर हाताचे तेवढे लिहिले जातात आणि विषय संपतो.

म्हणून तयारी घरीच करा. पंधरा दिवस वही ठेवा. गॅस बंद करायला विसरला, पाचशेच्या नोटेचा हिशोब चुकला, रस्ता चुकून दुसऱ्या गल्लीत गेला, फिट आली, चिडून ताट फेकलं, असं तारखेसकट लिहा. सीटी स्कॅन, एमआरआय आणि डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्स सोबत घ्या. बोर्डाला सांगा की वाचा, स्मरण, वागणूक यांचीही तपासणी हवी. अफेजिया, म्हणजे मेंदूच्या दुखापतीने बोलणं-समजणं बिघडणं, कायद्यातल्या वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत नावाने आहे. वागणुकीतल्या आणि विचारातल्या बदलांसाठी मनोविकार तज्ज्ञाचा अभिप्राय लागतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘वेड्याचा दाखला नको’ म्हणून नातेवाईक हा भाग गाळतात, आणि त्यापायी माणूस चाळीसच्या खाली राहतो.

दोन प्रकारचे टक्के असले तर बेरीज होते का?

साधी बेरीज होत नाही. मोठ्या आकड्याला ‘क’ आणि लहानाला ‘ख’ म्हणा. सूत्र असं: क + ख × (९० − क) ÷ ९०. हाताचे ६० आणि वाचेचे ३० असतील तर ते ७० होतात. ९० का लिहिले नाहीत म्हणून क्लार्कशी भांडू नका. मात्र दुसरी तपासणी झालीच नसेल तर भांडा.

महिन्याला किती पैसे मिळतात?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये झाली. वय ६५ च्या आत हवं, दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. ६५ नंतर श्रावणबाळ योजना लागू होते. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं.

दरवर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला द्यायचा विसरू नका. पैसे अचानक थांबले की गावात ‘योजना बंद झाली’ अशी आवई उठते. पुष्कळदा दाखलाच गेलेला नसतो, नाहीतर खात्याला आधार जोडलेलं नसतं.

जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा ‘पाच टक्के निधी’ काय आहे?

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आणि त्याच वर्षी खर्च करायचा असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हा भाग तीन टक्के होता. जिल्हा परिषद आपल्या सेसमधून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, योजना काढते: साहित्य, उपचाराला मदत, घरकुल, व्यवसायासाठी यंत्र, अतितीव्र दिव्यांगांच्या पालकांना अर्थसाहाय्य. दरवर्षी यादी बदलते, म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्याला जे मिळालं तेच यंदा मिळेल असं धरून चालू नका. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांमार्फत समाजकल्याणकडे जातात.

गावात काय होतं ते स्पष्ट लिहितो. जिथे घरपट्टीच वसूल होत नाही त्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं, त्याचे पाच टक्के म्हणजे काही हजार रुपये. ते गावातल्या सगळ्या दिव्यांगांत सारखे वाटले जातात आणि प्रत्येकाच्या हातात पाचशे-हजार पडतात. कधी त्याऐवजी एखादी ताडपत्री किंवा भांड्याचा संच येतो, सोबत फोटो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भांड्यांचा काय उपयोग, हे विचारायला ग्रामसभा आहे. तुमच्या घरी काय लागतं ते लेखी द्या: हवेची गादी, कॅथेटर, शौचालयाचा रॅम्प. पोच घ्या. निधी वाटून खर्च करण्यापेक्षा गरज असलेल्या दोन-तीन घरांत नीट खर्च करावा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. याने चार जण रुसतील. तरीही तो मांडावा.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात स्वउत्पन्न आणखी कमी. तिथे ग्रामपंचायतीवर विसंबून न राहता जिल्हा परिषद, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि केंद्राच्या शिबिरांकडे एकाच वेळी अर्ज टाका.

विमा काढला होता की नाही तेच माहीत नाही.

पासबुक काढा आणि मे-जूनच्या पानावर २० रुपयांची कपात शोधा. ती असली तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. अपघाती मृत्यूला जे दोन लाख मिळतात तेच दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्यावरही मिळतात. अवयव तुटून पडायला पाहिजे असं नाही, त्याचा वापर गेला तरी चालतं, त्यामुळे कमरेखालचा लकवा त्यात बसतो. बँकेत तीस दिवसांत कळवायचं.

सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला, वय १० ते ७५, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख, एक झाला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही तीस दिवसांत. विहिरीत पडणं, झाडावरून पडणं, वीज, साप सगळं यात आहे. दवाखान्यात धावपळ चाललेली असताना ही मुदत निघून जाते, म्हणून घरातल्या एकाला फक्त कागदांचं काम द्या.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर तिकडेही ७५ टक्के किंवा अधिक कायम अपंगत्वाला दोन लाखांचं साहाय्य आहे.

व्हीलचेअर कुठे मिळते?

दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत, बहुतेकदा अलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरात. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी किंमत. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीसाठी ऐंशी टक्के दिव्यांगत्व लागतं. शिबिराची तारीख पंचायत समितीत आणि समाजकल्याणला कळते. आधी तपासणी शिबिर होतं, साहित्य नंतर काही महिन्यांनी येतं.

शिबिरात सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची मिळते. पाठीला संवेदना नसलेल्या माणसाला ती नुसती पुरत नाही. बसायला चांगली उशी हवीच, तिच्याशिवाय चार तास बसवलं की बैठकीला जखम. उशी अर्जात वेगळी लिहा, मिळाली नाही तर पाच टक्के निधीतून मागा. दाराची रुंदी आणि खुर्चीची रुंदी घरीच मोजून जा.

घरात काय बदल करावे लागतील?

जुन्या धाब्याच्या घरांचा ओटा दोन-तीन फूट उंच असतो. रॅम्पचं माप लक्षात ठेवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दोन फूट ओट्याला चोवीस फूट लागतात. अंगणात सरळ बसत नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन वळवा. गवंडी सहा फुटांत उतार करून देतो आणि मग खुर्ची मागे पलटते. न्हाणीचं दार तीन फूट ठेवा, बाहेर उघडणारं. घरकुलासारख्या गरिबी निर्मूलनाच्या योजनांत दिव्यांगांना पाच टक्के आरक्षण कायद्यातच आहे, मंजुरीच्या वेळी ते सांगा.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश. मणक्याच्या रुग्णाला याचा काही वेगळा त्रास होतो का?

होतो, आणि याबद्दल डिस्चार्ज देताना फारसं कुणी सांगत नाही. मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला दुखापत असेल तर दुखापतीच्या खाली घाम येत नाही. शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत झोपवलेला असा माणूस दुपारपर्यंत तापाने फणफणतो, आणि घरचे त्याला पॅरासिटामॉल देतात. तो ताप संसर्गाचा आहे की उष्णतेचा हे आधी पाहायला हवं. ओल्या फडक्याने अंग पुसा, पंख्याचा झोत द्या, कूलरची खोली द्या, पाणी ठरल्याप्रमाणे चालू ठेवा. संध्याकाळपर्यंत उतरला नाही किंवा माणूस बडबडू लागला तर दवाखाना गाठा.

संवेदना नसलेल्या कातडीला चटका कळत नाही. उन्हात ठेवलेल्या लोखंडी खुर्चीवर बसवणं, तापलेल्या फरशीवर पाय टेकवणं, मांडीवर चहाचा कप ठेवणं, यातून झालेल्या भाजलेल्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय लांब करून बसवतानाही हेच.

जखमा आणि लघवीचं कोण शिकवतं?

शिकवायची जबाबदारी दवाखान्याची आहे, तर डिस्चार्जच्या आधी नर्सकडून स्वतः करून दाखवायला सांगा. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. खुर्चीत असेल तर दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलून भार हलवायचा. लघवीची पिशवी कायम ठेवण्यापेक्षा दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालून काढणं डॉक्टर बहुतेकांना सुचवतात. हात चालत असतील तर रुग्ण ते स्वतः शिकतो. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला घरी असा रुग्ण आहे हे कळवून ठेवा, ड्रेसिंगचं साहित्य तिथून मिळतं का ते विचारा.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखापत असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, तर लगेच बसतं करा, घट्ट कपडे सैल करा आणि नळी कुठे मुडपली किंवा तुंबली आहे का ते बघा. रक्तदाब जिवावर बेतेल इतका वाढलेला असतो. थांबलं नाही तर १०८.

पुनर्वसनासाठी मोठं सरकारी ठिकाण मुंबईत हाजी अलीला आहे: अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. भुसावळ-जळगावहून रेल्वेने जाता येतं.

नोकरीत असताना अपघात झाला. काढून टाकतील का?

सरकारी आस्थापनेत नाही. शिक्षक, तलाठी, कुणीही असो, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता किंवा पदावनत करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरं पद द्यायचं, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचं. दबावाखाली स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करू नका. आधी वेळ मागा.

शाळेतल्या मुलाचं काय?

सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत जाता येत नसेल तर समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक घरी येतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या. परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. मेंदूच्या दुखापतीतल्या मुलाला हा जादा वेळ फार उपयोगी पडतो, कारण त्याला उत्तर येत असतं, फक्त उशिरा येतं.

सही करता येत नाही, अंगठाही उठत नाही. बँकेतून पैसे कसे काढायचे?

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: अंगठा शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखाधिकाऱ्याला हा नियम नम्रपणे सांगा, कधी कधी त्यांनाही नवीन असतो. आधार नोंदणीसाठी घरी येण्याची सोयही आहे.

मेंदूच्या दुखापतीमुळे माणसाला व्यवहारच कळत नसेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बोला. भावाने परस्पर अंगठा उठवून शेत नावावर करून घेतल्याची प्रकरणं याच आजारात जास्त दिसतात, म्हणून बायकोने ही पायरी लवकर चढावी.

एसटी आणि रेल्वेची सवलत?

एसटीत चाळीस टक्क्यांच्या पुढे ७५ टक्के सवलत, दिव्यांगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्याला आणि त्याच्या सोबत्याला दोघांनाही सवलत आहे. शयनयान आणि तृतीय वातानुकूलितमध्ये ७५ टक्के. रेल्वेचं ओळखपत्र ऑनलाइन काढता येतं. डॉक्टरचा दाखला रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातच हवा.

सांभाळणाऱ्या बाईला काही मिळतं का?

कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे, पण त्यावरून थेट हातात पैसे येत नाहीत. काही स्थानिक संस्था पाच टक्के निधीतून देतात, म्हणून तिथे मागा. रात्री दोन-दोन तासांनी उठणारी वहिनी सहा महिन्यांत स्वतःच कंबरदुखीने आडवी होते. जाऊ, नणंद, मोठा मुलगा, सगळ्यांच्या पाळ्या लावा. मन फार खचलं तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे.

अर्ज पडून आहे, कुणी उत्तर देत नाही.

आधी पोच आणि अर्ज क्रमांक शोधा. मग दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा: ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, आणि चालू वर्षात पाच टक्के निधी किती जमा झाला, किती खर्च झाला?’ तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा उत्तर यायच्या आधीच अर्ज हलतो. तरीही नाहीच हललं तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा, सगळ्या पोचा जोडून. मूळ प्रमाणपत्र मात्र कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी ‘मी साहेबांच्या ओळखीचा आहे’ म्हणणाऱ्याच्याही नाही; साक्षांकित झेरॉक्सवर सगळीकडे भागतं.